हीटर सक्षम असल्याबाबत

कझाकस्तानच्या उत्तरेकडच्या एका जिल्हा रुग्णालयाकडे बाळंतिणींना घरी सोडण्यासाठी एक गाडी होती आणि त्या गाडीला एक हीटर होता. बाहेर उणे तीस असताना तो हीटर, म्हाताऱ्याने चहावर फुंकर घालावी, तेवढीच हवा सोडायचा. आणि तीही गार.

चालक तुलेगेनने आजवर याबद्दल ब्रसुद्धा काढला नव्हता. बाळंतिणी कुडकुडत घरी पोहोचत होत्या हे खरं, पण त्या दुसऱ्यांच्या लेकीसुना होत्या. शुक्रवारी मात्र त्याची स्वतःची सून अकमारल, त्याचं पहिलंवहिलं नातवंड घेऊन, याच गाडीतून बर्फ तुडवत गावी जायची होती. तेव्हापासून हीटर हा त्याला सार्वजनिक हिताचा प्रश्न वाटू लागला.

तो प्रशासन अधिकारी गाझिझा आपांकडे गेला.

"आपा, गाडीचा हीटर गार पडलाय."

"जानेवारी आहे, तुलेगेन. काय गार नाही पडलेलं?" आपांनी शालीतून हातही बाहेर काढला नाही. "जुलैच्या तपासणीत हीटर उत्तम होता. मी स्वतः बसले होते आत. घामाने नुसती निथळत होते."

"आपा, जुलैत कुठल्याही गाडीत..."

"म्हणजे तपासणी खोटी म्हणतोस?"

तुलेगेनची काय बिशाद! त्याने मुकाट्याने तिथले सगळे करतात तेच केलं. एक पुठ्ठा फाडून रेडिएटरच्या पुढे खोचला, म्हणजे गार वारा अडावा आणि इंजिन लवकर तापावं. दुपारपर्यंत गाडीत जरा ऊब आली आणि संध्याकाळपर्यंत भांडारपालाने पुठ्ठ्यावरचा शिक्का ओळखला. पुठ्ठा सलाइनच्या खोक्याचा होता. औषधी साहित्याचा वाहनासाठी गैरवापर झाल्याचं निष्पन्न झालं, पुठ्ठा जप्त करून कुलपात ठेवण्यात आला आणि हीटरच्या रीतसर चौकशीसाठी समिती नेमली गेली.

अध्यक्ष होते सापारगाली आगा. ते रुग्णालयात वयाने सगळ्यांत मोठे होते, त्यामुळे मोटारींमधलंही सगळ्यांत जास्त त्यांनाच कळत होतं. शिवाय गाझिझा आपा, भांडारपाल, दातांचे डॉक्टर आणि पाचवे एक गृहस्थ, ज्यांच्याशिवाय गणपूर्ती होत नव्हती.

शुक्रवारी सकाळी अकमारल बाळाला गुंडाळून खाली यायच्या बेतात होती, तेव्हा ही समिती मेंढीच्या कातड्याचे कोट, केसाळ टोप्या, चहाचा थर्मास आणि बाउरसाक, म्हणजे गरमागरम तळलेले पिठाचे गोळे, घेऊन गाडीत बसली. दारं लागली. काचा वर झाल्या.

"पाइपात हवा अडकलीय," सापारगाली आगांनी पुढच्या सीटवरून निकाल दिला. "गाडीचं नाक वर करा. हवा आपसूक निघते."

समिती आत बसलेली असतानाच तुलेगेनने दोन वॉर्डबॉय हाताशी धरून गाडी ढकलली आणि तिची पुढची चाकं बर्फाच्या ढिगावर चढवली.

"आगा, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण फिल्टर तुंबलाय," भांडारपाल म्हणाला.

"मी तर म्हणतो, उपटूनच काढा," दातांचे डॉक्टर म्हणाले.

पाचव्या गृहस्थांनी तोंडात बाउरसाक असल्यामुळे मत राखून ठेवलं. वाद पेटला. थर्मासचं झाकण उघडलं, काचांवर वाफ धरली. कोटांची बटणं एकेक करून सुटली, मग टोप्या निघाल्या. गाझिझा आपांनी तर शालच काढून वारा घेतला.

"बारा अंश!" आगांनी थर्मामीटर उंचावला. "शून्याच्या वर बारा! कोण म्हणतो हीटर गार आहे?"

तुलेगेनने काच ठोठावली. "आगा, अहो, इंजिन सुरूच केलेलं नाही! तपासणीसाठी पेट्रोल मंजूर नाही."

मग आगा समजावणीच्या सुरात म्हणाले, "लेका, बंद असताना एवढा चालतो, तर सुरू केल्यावर काय करेल, विचार कर!"

हीटर सक्षम ठरला. गाझिझा आपा कामाला चोख, त्यांनी एकच अट घातली: ज्या स्थितीत तपासला, त्याच स्थितीत वापरावा.

अकमारल पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. बाळाची दुलई गच्च धरून तिने सासऱ्याकडे पाहिलं.

"उतरता ना, आगा?" तुलेगेनने विचारलं.

"उतरू? अरे, आम्ही उतरलो की गाडी गार पडणार. इवल्याशा जिवाला थंडी बाधली, तर जबाबदार कोण? तू?"

"पण मग ती बसेल कुठे?"

"हा आसनव्यवस्थेचा विषय झाला," आपा म्हणाल्या. "त्याला वेगळी समिती लागेल."

"आपा, माझं नातवंड पायरीवर गारठतंय हो!" तुलेगेनचा आवाज फाटला. एवढ्या वर्षांत तो साहेबलोकांवर कधी ओरडला नव्हता.

"म्हणूनच तर आम्ही हललो नाही," आगा मायेने म्हणाले.

शेवटी रुग्णालयात पाव टाकायला आलेल्या गाडीवाल्यानेच मागचं दार उघडलं. "ये गं पोरी. गावावरूनच जातोय मी." गरम पावांच्या फळ्यांमध्ये अकमारल बाळाला घेऊन बसली आणि दार लागलं.

रुग्णालयाच्या गाडीची फेरी मात्र मंजूर झालेली होती, त्यामुळे ती होणं भाग होतं. तुलेगेनने पाच सक्षम सभासदांना घेऊन पावाच्या गाडीमागोमाग गाव गाठलं. तिथे समितीला मानाच्या जागी बसवून मटण वाढण्यात आलं आणि ताटावरच अहवाल पुरा झाला: माता व बालक उबदार अवस्थेत घरी पोहोचले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, अहो, इंजिनाचं पाणी तापेपर्यंत अडवणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला असणार, तो बदलला की काम झालं. गाडी ढकलली तेव्हापासूनच तुमच्या जिभेवर आलं होतं ते. कदाचित बरोबरही असेल, समितीला कळवू. पण नातवंड म्हणजे मुलगा की मुलगी, हे तेवढं तुम्हीही विचारलं नाहीत.