ओळख पटेपर्यंत

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या दगडावर उगवलेलं ते हिरवं काहीतरी पहिल्यांदा दिसलं ते बायकोला, आणि तिथेच साहेबांचं बिनसलं. चार फुटी टाकी दिवाणखान्यात आणून सहा वर्षं झाली होती. तिच्यात काय आहे आणि काय नाही, हे सांगण्याचा अधिकार आपलाच, असं ते धरून चालले होते.

"नखाएवढंच आहे. काढून टाकते," बायको बाही वर सारत म्हणाली.

"हात लावू नकोस. आधी ओळख पटली पाहिजे."

साहेब सीमाशुल्क कार्यालयात मालाचं वर्गीकरण करत. आलेली वस्तू कोणत्या सदरात बसते हे ठरेपर्यंत ती जागची हलवायची नाही, हा तिथला नियम. रबरी बदक हे खेळणं की न्हाणीघराचं साहित्य, या प्रश्नावर त्यांनी एकदा अख्खा कंटेनर सात आठवडे अडवून ठेवला होता. बदकांचं काहीच बिघडलं नाही, त्यामुळे पद्धत निर्दोष असल्याची त्यांची खात्री झाली. बदकं वाढत नाहीत, हा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नाही.

शिवाय सव्वा महिन्यावर एक रविवार येऊन ठेपला होता. त्या दिवशी मत्स्यपालक मंडळाची समिती टाकी पाहायला येणार होती. टाकी पसंत पडली की परीक्षकपद. साहेबांना आधी दोनदा डावललं होतं, आणि तिसऱ्यांदा डावललेल्या माणसाला मंडळ फक्त खुर्च्या मांडायला बोलावतं. अशा वेळी आपल्याच टाकीतल्या वनस्पतीचं नाव सांगता येऊ नये, ही कल्पनाही त्यांना सोसवेना.

त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात अकरा उत्तरं आली आणि त्यांत नऊ नावं निघाली. अध्यक्ष पेशाने दंतवैद्य. त्यांनी ते दुर्मिळ लाल शैवाल असल्याचं ठासून सांगितलं. फोटोतलं हिरवं आहे हे कोणी दाखवून दिल्यावर "अजून लहान आहे" असा खुलासाही केला. मंडळाचा चिटणीस इंजिनियर होता. त्याने ते विषारी ठरवलं. एका सभासदाने नुसते जोडलेले हात पाठवले. सगळ्यांत अचूक उत्तर तेच होतं.

साहेबांनी तक्ता आखला: पान, देठ, कडा, रंग. रोज सकाळी भिंग घेऊन ते टाकीपुढे बसू लागले. तक्ता भरत गेला, तशी टाकीही. तीन आठवड्यांत नखाचा तळहात झाला आणि तळहाताचं पायपुसणं. पिसांसारखी पानं, त्यांच्याखाली सरपटणाऱ्या दोऱ्या. त्या दोऱ्या दगडावरून पोवळ्यांवर चढल्या.

"आता तरी काढू?"

"दोन नावांवर आलोय."

"नाव कळल्यावर ते लाजून निघून जाणार आहे का?"

चौथ्या आठवड्यात ओळख पटली. ते कॉलर्पा नावाचं, भराभर पसरणारं समुद्री शेवाळ होतं. साहेबांनी तक्त्यावर सही केली, तारीख घातली आणि कारवाईला हात घातला. म्हणजे ब्रश घेऊन टाकीतल्या टाकीत दगड घासायला लागले.

"अहो, तुकडे सगळीकडे जातायत."

"घासल्यावर जाणारच."

त्याचा प्रत्येक तुकडा नवं रोप होतो, हे पुस्तकात छापलेलं होतं. पण ते 'व्यवस्थापन' या प्रकरणात होतं आणि साहेब चार आठवडे 'ओळख' या प्रकरणात मुक्काम ठोकून होते. आठवड्याभरात शेवाळ पंपाच्या तोंडापर्यंत पोचलं. मग त्यांनी 'व्यवस्थापन' उघडलं, पहिला परिच्छेद वाचला, दिवे बंद केले आणि टाकीवर घोंगडी टाकली. उजेड नाही तर वाढ नाही. दुसऱ्या परिच्छेदाची त्यांना गरज वाटली नाही.

तीन दिवसांनी, रविवारी सकाळी चहाच्या वेळी घोंगडी निघाली, तेव्हा आत पाणी नव्हतं, हिरवा रंग होता. जिवावर बेतलं की हे शेवाळ आपलं सगळं बीज पाण्यात सोडून विरघळून जातं. दुसरा परिच्छेद याबद्दलच होता. पृष्ठभागापाशी पाच मासे तोंडं वासून श्वास शोधत होते.

साहेब पुस्तक शोधायला धावले. बायकोने कप खाली ठेवला, न्हाणीघरातला कपड्यांचा टब स्वच्छ केला, पाणी बदलण्यासाठी ठेवलेल्या पिंपातलं खारं पाणी त्यात ओतलं, क्षार मोजले, हवेची नळी सोडली आणि जाळीने पाचही मासे उचलून नेले.

दहा वाजता अध्यक्ष आणि चिटणीस आले. दोघे टाकीपुढे बराच वेळ उभे राहिले.

"आत काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"सध्या काही नाही."

"मग गुण कशाला द्यायचे?" म्हणत चिटणीसाने वही मिटली.

तिसऱ्यांदा डावललं जाणं साहेबांना समोर दिसलं आणि त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. "नियमावली काढा. कलम चार. टाकी म्हणजे परीक्षणाच्या वेळी ज्या पात्रात मासे असतील ते पात्र. न्हाणीघरात चला."

ही व्याख्या त्यांनीच लिहिलेली होती. मंडळाने ती एकमताने मंजूर केली होती, कारण कोणीच वाचली नव्हती.

तिघे न्हाणीघरात गेले. टबात पाणी काचेसारखं होतं, मासे शांत होते, शेवाळाचा मागमूस नव्हता. अध्यक्षांनी वाकून दातांकडे पाहावं तसं पाहिलं आणि शंभरपैकी ब्याण्णव गुण दिले. साहेबांची छाती फुगली.

"क्षार कुणी मोजले?" चिटणीसाने सहज विचारलं.

"तसं पाहिलं तर..." साहेबांनी सुरुवात केली.

"मी," दारातून बायको म्हणाली. "ते पुस्तक शोधत होते."

चिटणीसाने पान उलटलं. "कलम पाच. सभासद म्हणजे त्या पात्राची देखभाल करणारी व्यक्ती, अथवा तिच्या कुटुंबातील जी प्रत्यक्ष देखभाल करील ती." त्याने साहेबांकडे आदराने पाहिलं. "मसुदा पक्का केलाय हं तुम्ही. कुठे फट नाही."

फट नव्हती. साहेबांना पाठ होतं.

"अभिनंदन, वहिनी," अध्यक्ष म्हणाले. "आजपासून तुम्ही परीक्षक."

"पण मला करायचं काय असतं?"

"विशेष काही नाही. माणसाच्या घरात उभं राहून, त्याचं कुठे चुकतंय ते त्याच्या तोंडावर सांगायचं."

बायकोने ओले हात पदराला पुसले.

"एवढंच ना," ती म्हणाली. "बावीस वर्षांचा अनुभव आहे."