आप्पांच्या हातचं बाळंतपण

गळणारी कुठलीही वस्तू आपण बंद करू शकतो, असा मल्लिकार्जुनआप्पांचा ठाम विश्वास होता. कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्यांचं नळ, पाइप आणि बिजागऱ्यांचं दुकान होतं. जगातली प्रत्येक अडचण चुकीच्या मापाचा वायसर बसवल्यामुळं उभी राहते, हे ते गिऱ्हाइकाला चहा पाजून पटवून देत. त्यामुळं कागलला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या लेकीनं, शिवांजलीनं, फोनवर हळूच "आप्पा, दुसरा महिना लागलाय" म्हणून सांगितलं, तेव्हा आप्पांनी श्वास घेण्याआधी जाहीर केलं, "पयलं बाळंतपण माहेरात. मी करतो."



"तुम्ही?"

"मग? तुझी आई गेली, रीत न्हाय गेली."

शिवांजलीच्या आईला, गिरिजाला, जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. तेव्हापासून आप्पा स्वतःचं जेवण स्वतः करत होते, म्हणजे भात शिजवत होते. भात जमला म्हणजे बाळंतपण फार लांब नाही, असा त्यांचा हिशेब होता.

"आप्पा, सासूबाईंचं अजून ठरलेलं नाही," शिवांजली म्हणाली. "आई नसलेल्या घरात सून कशी पाठवायची, म्हणतात. आणि तीन महिने होईपर्यंत बाहेर कुणाला कळता कामा नये. तुमच्याकडून फुटलं, तर माहेरचं नावच काढायला नको."

"भिताडाला सुद्धा सांगत न्हाय," आप्पा म्हणाले.

आणि खरोखरच त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सगळा घोटाळा त्यामुळंच झाला.

सीझन सुरू व्हायच्या आधी माल भरून ठेवायचा, ही दुकानदाराची जुनी सवय. आप्पांनी डिंक आणला, खारीक आणली, अळीव आणले, बाळंतशेपा आणल्या. कासारणीकडून हिरवा चुडा घेतला. डोहाळजेवणाला लागणार म्हणून हिरवं लुगडं घेतलं. कापड दुकानदारानं सहज विचारलं, "कुणासाठी, आप्पा?" आप्पांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "लागतंय घरात." एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरात हिरवं लुगडं कशासाठी लागतं, याचा विचार करायला त्यांनी दुकानदाराला मोकळं सोडलं.

मग ते जवळच्या प्रसूतिगृहात चौकशीला गेले. बाकावर पोटुश्या बायकांची रांग होती. तिच्यात आप्पा मांडीवर छत्री घेऊन असे बसले, की आत शिरलेली प्रत्येक बाई एकदा बाहेर जाऊन पाटी वाचून आली.

"पेशंट कुठाय?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"आणलं न्हाय. आधी दवाखाना बघून जावं म्हटलं."

"कितवा महिना?"

"दुसरा."

"वय?"

"सत्तावीस."

मुलीनं आप्पांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. "तुमची कोण?"

आप्पा तोंड उघडणार, एवढ्यात बाकाच्या टोकाला त्यांना दादासोंची सून दिसली. दादासो म्हणजे आप्पांच्या शेजारचे सायकलवाले आणि त्यांचे तीस वर्षांचे दोस्त. त्यांच्या घरात शिरलेली बातमी दुपारच्या आत मार्केट यार्डात पोचत असे. आप्पांनी उघडलेलं तोंड मिटलं, घसा साफ केला, "घरातलीच हाय" एवढं पुटपुटले आणि लाजेनं कानापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी दादासो चहा घेऊन दुकानात आले. स्वतःच्या पैशाचा. तिथंच आप्पांनी सावध व्हायला हवं होतं.

"आप्पा, दोस्ताला तरी सांगायचंस की."

आप्पांनी दुकानाबाहेर डोकावून बघितलं. "तुला कसं कळलं?"

"सूनबाईनं बघितलं तुला दवाखान्यात."

"हे बघ दादासो, तिसरा संपूस्तवर तोंड उघडायचं न्हाय. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

"न्हाय उघडत. पर पोरीला कळलं म्हंजे?"

"शिवांजलीला? अरं, तिनंच तर मला सांगितलं."

दादासोंचा कप बशीत वाजला. "तिनंच? म्हंजे ह्यात तिचा हात हाय?"

आप्पांना प्रश्न विचित्र वाटला. "आता तिचा न्हाय तर कुणाचा असणार?"

"आन जावई?"

"जावयाशिवाय कसं व्हईल, बाबा?" आप्पा म्हणाले. मित्राची इतक्या वर्षांनी शिकवणी घ्यावी लागेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

दादासो उठले. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायचं मनात आणलं, आणि नुसतेच "गडी हायस" म्हणून गेले.

आठवडाभरात आप्पांचा भाव वधारला. एरवी उधारी बुडवणारे प्लंबर वाकून नमस्कार घालू लागले. तालमीतल्या एका वस्तादानं खुराकाची चौकशी केली. गल्लीतल्या बायकांनी मात्र त्या कधी न दिसलेल्या बाईला मनसोक्त नावं ठेवली: कुठली असेल, कुणाची असेल, दुकानावर डोळा ठेवूनच आली असेल. गिरिजाच्या माघारी वर्षही न थांबलेल्या आप्पांना कुणी काही बोललं नाही. उलट, बाप्याला घरात बाईमाणूस लागतंच, यावर गल्लीत एकमत झालं. शिवांजलीनं पुढं होऊन बापाचं लगीन लावलं, याचं मात्र सगळ्यांनाच वाईट वाटलं. आईला इतक्या लवकर विसरली, म्हणाले.

ही हळहळ कोल्हापूर-कागल एसटीत बसून शिवांजलीच्या सासूबाईंपर्यंत, म्हणजे रत्नव्वांपर्यंत, पोचली. रत्नव्वा निपाणीकडच्या. त्यांचा आवाज एवढा, की त्या फोन उगीचच वापरतात असं वाटे.

"पावणं, मी ऐकालोय ते खरं काय?"

आप्पा गारठले. बातमी फुटल्याचा ठपका आपल्यावरच येणार.

"विहीणबाई, शपथेवर सांगतो. माझ्या तोंडातनं एक शबूद भाईर गेलेला न्हाय. दादासोला आपोआप कळलं."

"म्हंजे खरं हाय."

"खरं तर हायच की. किती दिवस लपणार? पोट दिसायला लागल्यावर जग बघणारच हाय."

पलीकडं रत्नव्वांनी कानडीत देवाला हाक मारली. "उद्या येतो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'येतो-जातो' म्हणत. त्यामुळं आप्पांना आधी वाटलं, व्याही येणार.

आल्या रत्नव्वा. मागून शिवांजली, तोंडाला पदर लावून, एसटीतल्या डिझेलच्या वासानं पिवळी पडलेली. रत्नव्वांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"कुठाय?"

"माळ्यावर ठेवलंय," आप्पा म्हणाले. त्यांना वाटलं, डिंक-खारकांचा साठा बघायचाय.

रत्नव्वांनी माळ्याकडं बघितलं, शिडीकडं बघितलं, आणि मग आप्पांकडं असं बघितलं, की आप्पा दोन पावलं मागं सरले. त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. तिथून भांड्यांचा आवाज आला, आणि मग आवाज थांबला.

शेवटी शिवांजली आत गेली. आप्पा दारातून डोकावले.

रत्नव्वा मधोमध उभ्या होत्या. कुकरच्या कानाला बनियन वाळत होता. लोणच्याच्या बरणीत स्क्रू होते. मिठाच्या डब्यावर आप्पांच्या वळणदार अक्षरात 'साखर' लिहिलं होतं. ओट्यावर सरावासाठी केलेले डिंकाचे लाडू होते, आणि त्यांच्या शेजारी ते फोडायला ठेवलेला हातोडा.

"ह्या घरात बाई न्हाय," रत्नव्वा शेवटी म्हणाल्या. "बाईचा वारासुद्धा न्हाय हितं."

"नसणारच की," आप्पा म्हणाले. "गिरिजा गेल्यापास्नं मी एकटाच हाय."

तेव्हा कुठं गावात काय चाललंय ते शिवांजलीनं आप्पांना सांगितलं. जमिनीकडं बघत, थोडक्यात. आप्पा हळूहळू खाली बसले. प्लंबरांचे नमस्कार, वस्ताद, दादासोंचा फुकटचा चहा, एकेक सांधा जुळत गेला. भिंतीवरच्या गिरिजाच्या फोटोकडं बघायचं त्यांनी टाळलं.

रत्नव्वा पदरात तोंड घालून हसल्या. ओट्याला धरून हसल्या. मग डोळे पुसून गंभीर झाल्या.

"तुम्ही सरळ हाय, पटलं. पर पावणं, बाई न्हाय म्हटल्यावर माझी सून कुणाच्या भरवशावर ठेवू?"

स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा आप्पांनी स्वतःच्या हातानं शिजवून ठेवला होता, आणि त्याच पुराव्यावर ते खटला हरले होते. त्यांनी नुसताच हातोडा उचलला आणि ट्रंकेत ठेवून दिला.

शिवांजली आईच्या पाटावर बसली होती. एक लाडू तिनं गालात धरला होता, कारण चावणं शक्यच नव्हतं.

"लाडू वाईट झालाय," ती म्हणाली. "पण मला इथंच यायचंय."

रत्नव्वांनी तिच्याकडं बघितलं. मग लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

"मग मीबी हितंच येतो," त्या म्हणाल्या. "पयलं ती बरणी आणा हिकडं. स्क्रूची."

अशा रीतीनं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आणि सासूबाईंनी केलं. सातव्या महिन्यात त्या दोन ट्रंका आणि एक पाटा-वरवंटा घेऊन आल्या. डोहाळजेवणाला कधी नव्हे एवढ्या बायका लोटल्या आणि शिवांजलीची ओटी भरता भरता प्रत्येकीनं आतल्या खोलीत डोकावून घेतलं. आत सावत्र आई नाही म्हटल्यावर निम्म्या जेवणाआधीच उठल्या.

मुलगी झाली. मग रत्नव्वांचं राज्य सुरू झालं. बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओव्याची धुरी, बाळंतिणीच्या कानाला फडकं, दारंखिडक्या बंद. डॉक्टरीणबाई म्हणायच्या खोली हवेशीर ठेवा, रत्नव्वा म्हणायच्या डॉक्टरणीनं स्वतःची ठेवावी. डॉक्टरीणबाई म्हणायच्या भरपूर पाणी प्या, रत्नव्वा वाटीनं मोजून द्यायच्या. दोघींच्या मधोमध शिवांजली अळिवाची खीर गिळत बसायची. एकदा दुपारी ती कारण नसताना रडायला लागली आणि थांबेना. आप्पांनी गॅसच्या सिलिंडरपासून पंख्यापर्यंत सगळं तपासलं. रत्नव्वांनी काही तपासलं नाही. नातीला आप्पांच्या हातात दिलं, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "रड. आईची सय येतीया बाळंतिणीला." आप्पा बाळ घेऊन परसात गेले आणि बराच वेळ एका हातानं नळ घट्ट करत बसले. तो गळत नव्हता.

बाकी आप्पांकडं लंगोट धुण्याचं आणि कोळसे आणण्याचं काम होतं. एकदा त्यांनी पाळण्याला दाराची स्प्रिंग बसवली. रत्नव्वांनी ती काढून त्यांच्या हातात दिली आणि दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

नातीचा तिसरा महिना संपत आला, तेव्हा कागलहून व्याह्यांचा, शिवप्रसादांचा, फोन आला. शिवप्रसाद मुळात कमी बोलणारे. लेकाच्या लग्नातही त्यांनी "बसा" एवढंच म्हटलं होतं.

"पावणं, पोरगी आन नात ऱ्हाऊ देत तुमच्याकडं," ते म्हणाले, "लागलं तर आणि महिनाभर. माझी बायको तेवढी पाठवा की. खानावळीचं खाऊन पोटाची वाट लागलीया. आन हितं लोक काय काय बोलालेत."

आप्पांनी आत बघितलं. रत्नव्वा पाय पसरून नातीला तेल लावत होत्या आणि तिच्या चपट्या नाकाबद्दल आप्पांच्या सगळ्या घराण्याला बोल लावत होत्या. शिवांजली कान बांधून, तोंड उघडं टाकून दिवसाढवळ्या गाढ झोपली होती. स्वयंपाकघरात काहीतरी रटरटत होतं आणि करपत नव्हतं.

आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आत्ता कसं जमंल, पावणं? हायवेचं काम चाललंय. धुळीचा तरास व्हईल त्यास्नी."

"अवं, केवढासा तो रस्ता."

"म्हणून तर," आप्पा म्हणाले. "सगळी धूळ तेवढ्यातच हाय."