तारीख जवळ आलेला माल

पूर्ण किमतीला बिस्किटाचा पुडा घेणारा माणूस दिसला, की तारीखकाकांना मनापासून वाईट वाटे. डोळ्यांदेखत त्याचा खिसा कापला जात असावा तसे ते हळहळत. स्वतः काकांनी मात्र अख्खा संसार उरलेल्या मालाच्या दुकानावर चालवला होता. कंपन्यांनी नको तेवढा बनवलेला, खोकी चेपलेला, मुदत संपत आलेला असा सगळा माल तिथे निम्म्या भावात मिळे. "माल तोच, चव तीच," काका सांगत. "आपण फक्त जरा घाई करायची."

त्यांचं खरं नाव आता बिल्डिंगमध्ये कोणालाच आठवत नव्हतं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला, त्यामुळे पाकिटाच्या घडीत दडून बसलेली बारीक तारीख त्यांना हातभरावरून दिसायची. दुकानातल्या काउंटरवाल्या बाईंचा चष्मा हरला, की त्यासुद्धा पाकीट काकांपुढे धरत. काका तारीख सांगत, आणि वर "यंदा छपाई फिकट आहे" असा शेराही मारत.

काकू होत्या, मुलगा घरात होता, तोवर ही विद्या सोन्यासारखी होती. घरात आणलेलं काही उरतच नसे. मग मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, तिकडेच त्याचा संसार झाला, आणि दोन वर्षांपूर्वी काकूही गेल्या. एकट्या माणसाला उरलेल्या मालाचं दुकान परवडत नाही, हे काकांना तेव्हा कळलं. तिथे सगळं ढिगानेच मिळतं. दह्याची बादली आणावी, तर अर्धी आंबून जाते. तरी काका दुकानात जात, तासभर तारखा वाचत, आणि एक ब्रेड घेऊन परत येत. घरात त्यांना करमत नसे, एवढंच खरं कारण होतं.

अशात मुलाचा फोन आला. पुढच्या सोमवारी आम्ही चौघंही येतो, आठवडाभर राहतो, म्हणाला.

काकांच्या अंगात वारंच शिरलं! आठवडाभर पाच माणसं जेवणार, आणि तीही काकांच्या हिशेबाने जेवणार. त्यांनी दुकानात जाऊन अशी खरेदी केली, की काउंटरवाल्या बाईंनी लग्नकार्य आहे का म्हणून विचारलं. सोमवारी संपणारी क्रीम, मंगळवारी संपणारं दही, बुधवारचं सूप, गुरुवारचा फळांचा रस, आणि शनिवारपर्यंत टिकणारा, हॉटेलांसाठी बनवलेला उशीएवढा चीजचा ठोकळा. एका वारालाही भूक मोकळी सोडली नाही. फ्रिजचं दार लागेना, तेव्हा काकांनी त्याला खुर्ची टेकवली आणि कपाळावरचा घाम पुसत खुर्चीवर स्वतः बसले.

रविवारी सकाळी पुन्हा फोन आला. मुलाच्या ऑफिसात काहीतरी निघालं होतं. या आठवड्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात तीच रजा घेऊन नक्की येऊ, तुमची फार धावपळ तर झाली नाही ना, असं तो विचारत होता.

"छे रे," काका खुर्चीवरून न उठता म्हणाले. "मी अजून काहीच आणलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ तिथेच बसून राहिले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं. पण पाठीमागे फ्रिजचं दार हळूहळू त्यांना ढकलत होतं, आणि सोमवार कोणासाठी थांबत नाही.

पहिले दोन दिवस त्यांनी एकट्याने खिंड लढवली. सकाळी क्रीम, दुपारी दही, संध्याकाळी दह्यावर क्रीम. बुधवारी पोटाने हात टेकले. दुकानात परत घेतात का ते पाहायला गेले, तर काउंटरवाल्या बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. टाकून देणं काकांच्या रक्तात नव्हतं. मग उरले शेजारी.

शेजाऱ्यांशी काकांचा व्यवहार बेताचाच होता. समोरच्या टेलरबाईंना एकदा वाटीभर साखर देताना त्यांनी पाकिटावरची तारीख वाचून दाखवली होती आणि "त्याआधी परत करा" असं बजावलं होतं. त्याच टेलरबाईंच्या दारात आता काका सुपाचे डबे आणि अर्धं चीज घेऊन उभे! बाईंनी विचारलं, हे कशासाठी? मुलगा येणार होता आणि आला नाही, हे काकांच्या ओठांपर्यंत आलं, पण बाहेर पडेना. लोक कीव करतील, त्यापेक्षा वेडा म्हणालेले बरे. "सहज," असं पुटपुटून ते वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथेही सहज. तळमजल्यावरही सहज.

शुक्रवारी फ्रिज रिकामा झाला. काकांनी तो पुसला, प्लग काढला आणि दार सताड उघडं ठेवलं. रिकाम्या कपाटाला गार करत बसायचं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. नेमक्या त्याच वेळी टेलरबाई रिकामे डबे परत द्यायला आल्या. त्यांनी उघडा फ्रिज पाहिला, काकांचा उतरलेला चेहरा पाहिला, आणि डबे तिथेच ठेवून त्या तडक डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

दोघींनी मिळून निदान केलं. ज्या माणसाने जन्मात पाव कोणाला दिला नाही, तो घर रिकामं करतोय, वीज बंद करतोय, कारण विचारलं तर सांगत नाही. हे लक्षण बरं नाही. काकूंनी कधीकाळी दिलेला मुलाचा नंबर टेलरबाईंकडे होता. त्यांनी फोन लावला आणि जे पाहिलं त्यात स्वतःचं थोडं शिवून सांगितलं.

शनिवारी दुपारी मुलगा दारात उभा! एकटाच. विमानाने आलेला, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. काका दचकले, मग हरखले, मग त्यांना आठवलं की घरात याला द्यायला पाण्याशिवाय काही नाही. मुलगा सरळ स्वयंपाकघरात गेला. बंद फ्रिज पाहून तो तिथेच भिंतीला टेकला.

"बाबा, तुम्ही जेवता काय?"

खरं सांगावं तर पोराच्या मनाला लागणार. तुम्ही येणार म्हणून आणलं होतं, असं कसं सांगायचं? "सगळं संपलं रे," ते एवढंच म्हणाले.

मुलाला तेवढं पुरे झालं. तो खाली गेला आणि दोन तासांनी टॅक्सीभर सामान घेऊन आला. झगझगीत मॉलमधून, सगळं पूर्ण किमतीत. एकट्यापुरते छोटे छोटे डबे, हवाबंद पाकिटं, एका माणसापुरती सुपं. कपाटं भरली. फ्रिज पुन्हा सुरू झाला. हे सगळं मुलगा भराभर लावत होता, आणि काका त्याच्या मागे मागे फिरत होते, कारण तो घरात होता.

संध्याकाळी त्याने परतीचं तिकीट काढलं. उद्या सकाळीच निघावं लागणार होतं. आणि ऐन कामातून असा निघून आल्यामुळे ती ठेवलेली रजा साहेबांनी रद्द केली, तेव्हा पुढच्या महिन्याचं जमणार नाही, असं त्याने अपराध्यासारखं सांगितलं. "पण आता तुमची काळजी नाही," तो म्हणाला. "काही लागलंच तर टेलरबाई आहेत."

काकांनी कपाटातला एक डबा उचलला आणि सवयीने उलटा केला. तारीख पुढच्या वर्षीची होती. दुसरा उचलला. त्याच्यावर त्याही पुढच्या वर्षीची. तिसरा उचलून त्यांनी तो तसाच परत ठेवला.

"एवढं टिकाऊ कशाला आणलंस रे?"

आल्यापासून मुलगा पहिल्यांदाच हसला. "पूर्ण किमतीत आणलं म्हणून जीव जळतोय ना, बाबा?"

काकांनी मान डोलावली. "हो, तेच," ते म्हणाले. "निम्म्यात मिळालं असतं."