थर्ड पार्टी म्हणजे कोण?

"सगळ्यात स्वस्त कुठला, तेवढं विचारा आणि मोकळे व्हा," असं काकूंनी सकाळीच बजावलं होतं. गाडीच्या विम्याचा तो शेवटचा दिवस होता. पण बेकरीवाल्या काकांना कुठलीच गोष्ट तेवढ्यावर सोडता येत नसे. जन्मभर पाव भाजूनही ते रोज ओव्हनच्या काचेला नाक लावून पाव फुगताना बघत आणि "अबब!" म्हणत. अशा माणसाला विमा शोधायला बसवलं, ही चूक तशी काकूंचीच.

काकांनी कॉम्प्युटरवर 'स्वस्त कार विमा' एवढंच टाईप केलं आणि मागितला म्हणून फोन नंबर दिला. त्यानंतर फोन जो वाजायला लागला तो थांबेना. एक बाई ठेवते न ठेवते तोच दुसरा बुवा हजर. सगळे काकांना 'सर' म्हणत, तब्येत विचारत, गाडीची विचारपूस करत. काका अगदी भारावून गेले.

"अगं, इतक्या लोकांना आपल्या गाडीची काळजी आहे!"

"काळजी नाही, कमिशन आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन काढून घेतला, मैद्याच्या पिंपावर पालथा घातला आणि स्वतःच्या फोनवरून मावसबहिणीच्या नणंदेला बोलावणं धाडलं. ती विम्याचं काम करायची. नात्यागोत्यात सगळे तिला विमाताईच म्हणत.

विमाताई दुपारी आल्या त्या टोमॅटोसारख्या लालभडक, कोऱ्या करकरीत गाडीतून. बेकरीसमोरची गल्ली उताराची. बेकरी वरच्या अंगाला, तिथं दारातच काकांची म्हातारी गाडी उभी होती. विमाताईंनी आपली गाडी खाली, टेलरमास्तरांच्या दुकानासमोर, पाटीच्या खांबाला खेटून लावली आणि रुमालानं आरशावरची धूळ पुसूनच त्या वर आल्या.

"असं बघा भावजी," त्यांनी काउंटरवर एक बनपाव ठेवला. "ही तुमची गाडी. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी पार्टी विमा कंपनी. आता राहिली थर्ड पार्टी."

"ती कोण?"

"बाकी सगळे." विमाताईंनी बरणीतली मूठभर बिस्किटं बनपावाभोवती पसरली. "रस्त्यानं चालणारे, सायकलवाले, पुढची गाडी, मागची गाडी, कुणाची भिंत, कुणाचं फाटक. तुमच्या गाडीनं ज्याचं म्हणून नुकसान होऊ शकतं तो प्रत्येक जण."

"अबब! म्हणजे आख्खं जग?"

"आख्खं जग. आणि गंमत म्हणजे सक्ती आहे ती फक्त याच विम्याची. स्वतःच्या गाडीचा उतरवा, नका उतरवू, तुमची मर्जी."

काका उठून दारात गेले. गल्लीतून एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. टेलरमास्तर तोंडात टाचण्या धरून कुणाचं तरी माप घेत होते. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून शिंकत होते. काकांचा ऊर भरून आला.

"इतकी वर्षं आपण या सगळ्यांचा विमा भरतोय," ते हळूच म्हणाले, "आणि त्यांना पत्तासुद्धा नाही!"

"पत्ता नसू दे," काकू आतून म्हणाल्या. "स्वस्त तोच ना? मग तोच कर गं पुन्हा."

"ताई, पण त्यात तुमच्या गाडीला काही झालं तर दमडी मिळत नाही. कुणी ठोकून पळालं, वरून काही पडलं, सगळं तुमच्याच खिशातून. त्याला फुल विमा लागतो. त्यावर झिरो डेप घेतला तर बदललेल्या पार्टची किंमतही पुरी मिळते. नाहीतर जुना झाला म्हणून कापून देतात."

"वरून काय पडणार आहे आमच्या गाडीवर? चांदण्या?"

"आणि गाडीत केक असला तर?" काकांनी विचारलं. मागच्या सीटवर खरोखरच तीन मजली केक होता. शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होणार होत्या आणि संध्याकाळच्या समारंभाला तो पोचवायचा होता.

"गाडीच्या विम्यात केक कसा येईल, भावजी?"

काकांनी मान डोलावली. इतकं सगळं असताना केक मात्र कशातच नाही, याचंही त्यांना नवल वाटलं.

"मी दोन्हीचे भाव काढते," विमाताई म्हणाल्या. "गाडी जरा मागे उन्हात घ्या, म्हणजे फोटो नीट येईल."

काका गाडीत बसले. गाडी हातभर मागे घेऊन त्यांनी ब्रेक दाबला. मागे थर्ड पार्टी असेल तर? त्यांनी आरशात पाहिलं. एवढ्याशा आरशात आख्खं जग कसं मावणार? आपल्या डोळ्यांनी खात्री केलेली बरी, म्हणून काका खाली उतरले. ब्रेक पायानं दाबलेला होता, आणि पाय काकांबरोबर खाली उतरला.

"कुणी नाहीये!" काका मागे जाऊन आनंदानं ओरडले.

ओळखीच्या माणसानं न बोलता शेजारून निघून जावं, तशी गाडी त्यांच्या शेजारून निघून गेली. उघडं दार हलवत ती सावकाश उतरली, मग जरा कमी सावकाश उतरली, आणि लाल गाडीच्या कुशीत धाडकन विसावली. लाल गाडी किंचाळायला लागली. ती कलंडून खांबावर रेलली. खांबावरची टेलरमास्तरांची पाटी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, क्षणभर विचारात पडली आणि काकांच्या गाडीच्या टपावर आडवी झाली. आत केकचा वरचा मजला उडून मागच्या काचेला चिकटला. 'शुभेच्छा' एवढं बाहेरून सुलट वाचता येत होतं.

काका धापा टाकत पोचले. त्यांनी लाल गाडी पाहिली, टप पाहिला, काच पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, अपार आदर होता.

"ताई," ते म्हणाले, "तुमची गाडी थर्ड पार्टी. ही पाटी वरून पडली, ते आपलं आपल्यापाशी. आणि केक कशातच नाही. एक शब्द खोटा ठरला नाही हो तुमचा!"

विमाताई टेलरमास्तरांच्या पायरीवर मटकन बसल्या. काकू पाणी घेऊन आल्या.

"रडू नकोस. आमचा जुना विमा आज रात्रीपर्यंत चालू आहे. त्यातून मिळेल ना तुझं?"

"मिळेल, ताई. पण खेटे घालावे लागतील."

"मग आधी तुझ्या फुल विम्यातून करून घे."

विमाताई रुमालाचं टोक पिळत राहिल्या.

"माझा फुल नाहीये," त्या अखेर म्हणाल्या. "सगळ्यात स्वस्तातला आहे."

"अगं, तुझा?"

"दिवसभर लोकांना घाबरवते, ताई. घरी येऊन स्वतःलाही कुठं घाबरवत बसू?"

काकूंना हसू आवरेना. मग विमाताईंनाही आवरेना. काकांनी तेवढ्यात केकच्या खालच्या दोन मजल्यांवर क्रीमचा हात फिरवून ते रिक्षानं समारंभाला रवाना केले. तिसरा मजला होता हे मुख्याध्यापिकाबाईंना कळायचं काही कारण नव्हतं. उरलेला चमच्यानं काचेवरून काढून बशीतून सगळ्यांना वाटला.

सगळे म्हणजे तोवर अख्खी गल्ली होती. गाड्या सोडवायला आलेली माणसं जायला तयार नव्हती, कारण काका प्रत्येकाला हाताला धरून फिरवत होते. "हा पोचा बघा, हा थर्ड पार्टीचा. हा खड्डा आपला. ही काच पुसून निघेल." माणसं वाकून बघत, माना डोलावत, आणि पायरीवर बसलेल्या विमाताईंकडे जाऊन आपापल्या गाड्यांचे नंबर सांगत. पहिला फुल विमा काकूंनी घेतला, झिरो डेपसकट. दुसरा विमाताईंनी स्वतःचा लिहिला.

दिवेलागणीला टेलरमास्तर मोडकी पाटी काखेत मारून बेकरीत आले. काकांनी हात जोडले.

"मास्तर, माफ करा. पण पाटीचं भरून मिळेल तुम्हाला."

"पाटीचं राहू द्या हो," मास्तर म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जन्मात पहिल्यांदा मला विमा कळला. काय तयारी केलीत तुम्ही, काय ती वेळ साधलीत! उद्या आमचे मेहुणे येतायत. नवी गाडी घेतलीय आणि नुसतं सांगून त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही. पाटी मी सकाळी पुन्हा चढवून ठेवतो. तुम्ही साधारण किती वाजता दाखवाल?"