पापलेटाचं पथ्य

टीव्हीवरच्या बाईंनी सकाळीच सांगितलं होतं की अर्थव्यवस्थेच्या शर्यतीत आपण आणखी एका देशाला मागे टाकलं. त्यामुळे जयवंत परब जरा छाती काढूनच लालबागच्या मासळीबाजारात शिरले. पापलेटाचा भाव ऐकला आणि छाती जागच्या जागी बसली.

दुपारी पाहुणे जेवायला येणार होते. मुलगी अनुजाने स्वतःच जमवलेला स्वरूप आणि त्याचे आईवडील, वरळी कोळीवाड्याचे. वडील हरेश्वरांची स्वतःची बोट, आई गुणवंतीबाई मासे विकणाऱ्या. दोन्ही घरांची ही पहिलीच भेट. अशा माणसांपुढे बांगडा कसा ठेवायचा, म्हणून जयवंतांनी पापलेटच घेतलं. एकच.

घरी लक्ष्मीने पिशवीत डोकावून पाहिलं, मग पिशवी उलटी करून पाहिली.

"बाकीची कुठे राहिली?"

"बाजारात. हे बघ, याच्या चार तुकड्या होतील. तीन पाहुण्यांना, एक आग्रहाची."

"नि आपण?"

"आपण मासे खात नाही म्हणायचं."

"अहो, मालवणी माणसं आपण! कोण विश्वास ठेवणार? त्यात आज रविवार. उपास आहे म्हणायची पण सोय नाही."

"मग ज्याने त्याने आपापलं कारण शोधायचं," असं फर्मान काढून जयवंत आंघोळीला गेले. घोळ झाला तो इथेच. कारणं सगळ्यांनी शोधली, पण एकमेकांना कोणीच सांगितली नाहीत.

पाहुणे आले. पानं मांडली. तळलेल्या पापलेटाच्या वासाने जयवंतांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते त्यांनी वरणभाताबरोबर गिळलं.

"हे काय? तुमच्या पानात मासा नाय?" गुणवंतीबाईंनी विचारलं.

"मला डॉक्टरांनी बंद केलाय."

"अगोबाय! काय होतं?"

याची तयारी जयवंतांनी केली नव्हती. "तसं... आतलं आहे," ते म्हणाले.

हरेश्वरांचा घास हातातच राहिला. गुणवंतीबाई लक्ष्मीकडे वळल्या. "नि विहीणबाय, तुम्ही?"

"माझा नवस आहे."

"कशाचा ओ?"

लक्ष्मीला घाईत जे सुचलं ते ती बोलून गेली. "यांना बरं वाटावं म्हणून."

आता आजार बराच बळावला. गुणवंतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. हरेश्वरांनी आवाज खाली आणून विचारलं, "हे घराण्यात आहे का हो? म्हणजे, उद्या पोरीला वगैरे..."

वडिलांना वाचवायला अनुजा धावली. "नाही हो, मी एकदम फिट आहे. मला फक्त माशांची अ‍ॅलर्जी आहे."

गुणवंतीबाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"माशांची?" गुणवंतीबाई म्हणाल्या. "पोरी, आमच्या घरात दारापासून मोरीपर्यंत मासळीच हाय. तू श्वास कुठं घेशील?"

"अगं, परवा तर माझ्या ताटातली सुरमईपण तूच संपवलीस!" स्वरूप मदतीला आला, आणि होतं नव्हतं ते सगळं बुडवून बसला.

हरेश्वरांनी ताट सरकवलं. "पोरगी खोटं बोलते, बाप आजार लपवतो. स्वरूप, ऊठ. चप्पल घाल."

अनुजाचे डोळे भरून आले. ते पाहिल्यावर जयवंतांना आपली अब्रू फारच स्वस्त वाटायला लागली.

"बसा हो व्याही," ते म्हणाले. "कोणाला काही झालेलं नाही. पापलेट एकच परवडलं. म्हणून ही सगळी पथ्यं."

हरेश्वर अर्धवट उठलेले तसेच राहिले. मग मटकन बसले आणि गदागदा हसायला लागले.

"गुणवंते, आपल्या घरात पापलेट शेवटचं कधी शिजलं गं?"

"बोटीच्या डिझेलचा भाव चढला त्याच्या आधी," त्या म्हणाल्या. "पापलेट आम्ही विकतो ओ. खातो सुकट."

"माझा भाचा लंडनला असतो," हरेश्वर म्हणाले. "मला वाटायचं, तो तरी मजेत. तर तोही अंडी मोजून खातो म्हणे."

गुणवंतीबाईंनी मग हातानेच चार तुकड्यांचे सहा वाटे केले आणि कोणाचं न ऐकता पानांत टाकले. जयवंतांनी डोळे मिटून पहिला घास घेतला.

"मासा मात्र फस्क्लास हाय," गुणवंतीबाई म्हणाल्या. "कुठनं घेतलात?"

"बाजारातल्या कोपऱ्यावरच्या बाईकडून. कुठल्याशा 'गुणसागर' बोटीचं आहे म्हणाली, आजच आलेलं."

हरेश्वरांना ठसका लागला. स्वरूपने पाण्याचा तांब्या पुढे केला. "काका, गुणसागर आमचीच बोट," तो म्हणाला.

"भाव काय लावला तिने?" गुणवंतीबाईंचा आवाज बदलला होता.

जयवंतांनी लाजत लाजत सांगितला.

"मेली! पहाटे माझ्याकडून याच्या तिसऱ्या हिश्श्यात नेलं!"

"समुद्रात राबतो मी," हरेश्वर तांब्या खाली ठेवत म्हणाले, "भाव मात्र चढतो वरळी-लालबागच्या रस्त्यावर."

"यापुढं बाजारात पाय टाकायचा नाय," गुणवंतीबाईंनी जयवंतांना बजावलं. "सरळ मला फोन करायचा. घरच्यांना घरचा भाव."

लग्न पुढच्या वर्षी, हॉलचे दर जरा उतरले की बघू, असं महिनाभर घोकणाऱ्या लक्ष्मीने हे ऐकलं मात्र, उष्ट्या हातानेच उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "याच महिन्यातला मुहूर्त चालेल का हो तुम्हाला?"