कलम सातवं

कोर्टासमोरच्या गल्लीत टायपिस्टचं टेबल तीस वर्षं एकाच झाडाखाली होतं, आणि तीस वर्षांत त्याने टाइप केलेला एकही मजकूर वाचला नव्हता. त्या धंद्याचा नियमच तो. वाचलं की बोटं अडखळतात, आणि बोटं अडखळली की गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जातं. शेकडो लोकांचे घटस्फोट त्याच्या हातून गेले, पण कुणाचा का झाला हे त्याला सांगता आलं नसतं.

स्वतःचा का झाला, तेही त्याला नीटसं कळलं नव्हतं. बायकोचं म्हणणं एवढंच, की बावीस वर्षं पहिल्या घासाला "मीठ कमी आहे" ऐकून तिचे कान किटले. दोघं समजुतीने मोकळं व्हायला तयार झाली. मग मसुद्यासाठी वकिलाला पैसे कशाला, म्हणून या पठ्ठ्याने जुन्या गठ्ठ्यातून एक मसुदा ओढला, नावं आणि तारखा बदलल्या आणि बाकीचं धडाधड उतरवून काढलं. दोघांच्या सह्या झाल्या, कोर्टाचा शिक्काही बसला.

घोळ महिन्याभराने कळला. तो पोटगीचं पाकीट घेऊन गेला, तर बायकोने ते परत केलं आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. जुना मसुदा एका खानावळवाल्याचा होता. पोटगी म्हणून पतीने रोज दोन वेळचं ताजं जेवण स्वतः रांधून, स्वतः नेऊन द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

तो धावत वकीलबाईंकडे गेला. बाईंना हसू आवरेना.

"अहो, पोटगीचं मूळ हेच. ज्याच्यावर पोट अवलंबून, त्याने ते भरायचं. पैसे देणं ही मागाहूनची सोय. तुम्ही थेट मुळाशी जाऊन पोचलात."

"बाई, मला चहासुद्धा येत नाही."

"मग दुरुस्तीचा अर्ज करा. पण त्यावर त्यांची सही लागेल."

बायको दवाखान्यात परिचारिका होती. सही द्यायला तिची ना नव्हती, फक्त एक अट होती. ज्या दिवशी मीठ बरोबर पडेल, त्या दिवशी सही.

मग काय, टायपिस्ट इरेला पेटला. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी पातेलं. टेबलाखाली बटाट्यांची पिशवी आली, शेजारचे टायपिस्ट रस्सा चाखून सल्ले देऊ लागले. एका प्रतिज्ञापत्रावर तेलाचा डाग पडला म्हणून कारकुनाने ते परत पाठवलं. दुपारी एकच्या ठोक्याला तो डबा घेऊन वॉर्डात शिरायचा, तेव्हा चार नंबरच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा उठून बसायचा. बायको पहिला घास घ्यायची. सगळा वॉर्ड श्वास रोखून बघायचा.

"मीठ कमी आहे," ती म्हणायची.

चौथ्या महिन्यात तो दवाखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी भडाभडा बोलला. पहाटे उठायचं, बोटं भाजून घ्यायची आणि वर हे ऐकायचं? माणसाने किती दिवस सहन करायचं? हे बोलताबोलताच त्याला बायकोचे किटलेले कान आठवले. बावीस वर्षं, त्याने मनात हिशेब केला, आणि त्याला फार वाईट वाटलं.

पाचव्या महिन्यात एका दुपारी बायकोने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, डबा पुसून खाल्ला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आणा तो अर्ज."

वॉर्डात टाळ्या पडल्या. टायपिस्टने अर्ज खिशातून काढलाच नाही.

"अर्ज राहू दे. आपण परत लग्न करू या."

तिचे डोळे भरून आले. ते तिने पदराने नव्हे, डब्याच्या फडक्याने पुसले, आणि पर्समधून करार काढला.

"कलम आठवं. पत्नीने पुनर्विवाह केल्यास पोटगी बंद. म्हणजे लग्न झालं की डबा गेला. असं कसं चालेल?"

"तुला ही कलमं पाठ कशी?"

"मी सही करायच्या आधी वाचते. सातवंही तेव्हाच वाचलं होतं."

टायपिस्ट टेबलावर परतला आणि त्याने नवा कोरा कागद चढवला. दोन गिऱ्हाइकं वाट बघून शेजारी गेली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. आठवं कलम त्याने गाळलं. सातवं जसंच्या तसं ठेवलं, पण तीस वर्षांत पहिल्यांदाच, टाइप करण्याआधी सावकाश वाचून.