सव्वाआठचं इंग्रजी

आमच्या गल्लीत रोज सकाळी सव्वाआठला एक इंग्रजी वाक्य सुटतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आजचं वाक्य, लाँग टाइम नो सी. लाँग टाइम नो सी. लाँग टाइम नो सी."

तीनदा. मग घसा खाकरल्याचा, आणि मग दार लावल्याचा आवाज. माझी पोळी त्या वेळी तव्यावर असते, आणि तिसऱ्या 'सी'ला मी ती उलटते. दोन वर्षं झाली, एकदाही वेळ चुकलेली नाही.

हे आमचे गावंडे काकाजी. दिग्रसच्या स्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कंट्रोलर. माइकसमोर बसून "दारव्हा मार्गे यवतमाळला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे" असं सांगणारा जो आवाज असतो ना, तो यांचा. आता तिथं रेकॉर्ड केलेली बाई बोलते. काकाजी रिटायर झाले, पण आवाजाला कोणी पेन्शनीत काढलं नाही. घरात ऐकायला माणूस नाही. काकू जाऊन साडेपाच वर्षं झाली. म्हणून मग गल्ली ऐकते.

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहते, म्हणजे ही बला माझ्यावरच येणार होती. दोन वर्षांपूर्वी एक दिवस हातात वही घेऊन दारात उभे.

"मॅडम, तुमी इंग्रजी शिकवता ना?"

"हो."

"बोलता का?"

खरं सांगते, राग आला. वीस वर्षं पोरांना कर्तरी-कर्मणी घासून शिकवतेय आणि हे विचारतात बोलता का. पण प्रश्न काही खोटा नव्हता. कोणाशी बोलणार मी इंग्रजी? भाजीवाल्याशी?

"मले पुस्तकातलं नाही पाह्यजे," काकाजी म्हणाले. "तिकडचे लोक रोजचं काय बोलतात, ते पाह्यजे. म्हनी, वाक्प्रचार, बोलीचालीचं, सारं."

तिकडचे म्हणजे ऑस्ट्रेलियाचे. मुलगा प्रशांत अकरा वर्षांपासून तिकडं आहे. त्याची मुलगी इरा सात वर्षांची. तिला मराठीतलं 'आबा' एवढंच येतं. काकू गेल्या तेव्हा ती दीड वर्षाची होती, तेव्हा आली होती, ती तेवढीच. दर रविवारी अकरा वाजता तिकडून फोन येतो, तोंड दिसणारा. काकाजींचं सगळं इंग्रजी त्या फोनसाठी होतं.

पण माणूस कंट्रोलर. कोणतीही गोष्ट वेळापत्रकात बसवल्याशिवाय त्यांना ती कळतच नाही. त्यांनी ओसरीवर एक काळा फळा टांगला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं कायमच्या तीन रकान्यांची नावं लिहिली. सुटण्याचे ठिकाण. मार्गे. पोचण्याचे ठिकाण. पहिल्यात इंग्रजी वाक्य. 'मार्गे'मध्ये त्याचा शब्दशः अर्थ. आणि शेवटी ते खरं कुठं पोचतं ते. उदाहरणार्थ, 'ब्रेक अ लेग', मार्गे 'पाय मोड', पोच 'तुझं भलं होवो'.

"मॅडम, हे गाडी मार्ग चुकून भलतीकडून काहून येते?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, तिकडे तसंच आहे.

"असन. आपल्याकडे बी जातो म्हनाच्या जागी येतो म्हनतात."

वाक्यांचेही त्यांनी प्रकार पाडले होते. लांबलचक म्हण म्हणजे लांब पल्ल्याची. नेहमीची म्हणजे साधी. आणि 'नो वरीज', 'माय बॅड' असली दोन शब्दांची बोली म्हणजे विनाथांबा. एखादा अर्थ पटला की म्हणायचे, "लागली गाडी." नाही पटला की, "ही डेपोतच राहू द्या."

शिकलेलं चालवून पाहायला ते स्टँडवर जायचे. एका बाजाराच्या दिवशी महागावच्या गाडीला ही गर्दी. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून राहिले होते, एकानं तर आपली चप्पलच टाकली. काकाजी पायरीजवळ जाऊन उभे राहिले आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, "होल्ड युवर हॉर्सेस. होल्ड युवर हॉर्सेस. होल्ड युवर हॉर्सेस." सगळे एकदम थांबले. तीस वर्षांची सवय, त्या आवाजानं काही सांगितलं की थांबायचं. 'जरा धीर धरा' हा त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही, पण लोक रांगेत चढले. "इंग्रजीत दम हाय मॅडम," संध्याकाळी मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, दम इंग्रजीत नव्हता काकाजी. पण त्यांना ते पटलं नाही.

मजा चालली होती म्हणा. गल्लीतल्या बाया दळण आणायला जाताना एकमेकींना 'नो वरीज' म्हणायला लागल्या होत्या. मीही वर्गात एकदा फळ्यावर चुकले तेव्हा 'माय बॅड' म्हणून गेले आणि पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

पण रविवारी बाराच्या सुमाराला काकाजी माझ्याकडे आले की चेहरा उतरलेला असायचा. फोन झालेला असायचा. दीड मिनिटाचा, फार तर दोन. ती काय म्हणाली ते लक्षात ठेवून मला विचारायला यायचे. एका रविवारी विचारलं, "गॉट्टा गो म्हंजे काय?"

"जायला हवं. निघते आता."

फळ्यावर लिहिलं. सुटण्याचे ठिकाण 'गॉट्टा गो', मार्गे 'जाणे आले'. तिसरा रकाना रिकामा ठेवला. खडू हातात धरून म्हणाले, "मॅडम, याच्यावर उलटून काय म्हनतात?"

"बाय म्हणायचं."

"ते नाही. असं काही हाय का तिकडं, का ते म्हनलं की लेकरू फोन ठेवत नाही?"

मी म्हटलं, "नाही हो काकाजी. असं काही नसतं."

"शोधा. येवढी मोठी भासा हाय. असनच."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, मी घरी येऊन दोन-तीन पुस्तकं चाळलीसुद्धा. माणसाला निघताना काय म्हणायचं याची तर भलीमोठी यादी होती.

मग मागच्या महिन्यात ते चित्र आलं. इराला शाळेत 'माझं कुटुंब' काढायला सांगितलं होतं, प्रशांतनं त्याचा फोटो पाठवला. काकाजी तो घेऊन माझ्याकडे आले. चित्रात आई होती, बाबा होते, एक मांजर होती. आणि कोपऱ्यात एक चौकट. चौकटीत एक भली मोठी पांढरी मिशी, तिच्याखाली तीन दात. शेजारी एक कान, कानावर केस. खाली इंग्रजीत 'आबा'. बस. नाक नाही, डोळे नाहीत.

"मिशी बरोबर जमली," काकाजी कौतुकानं म्हणाले. "डोये काढाले कागद पुरला नसन."

मला शंका आली. मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही फोनवर बोलता कसे, दाखवा जरा."

त्यांनी फोन उचलला आणि तोंडासमोर धरला. अगदी ओठांना टेकवून, माइक धरतात तसा. "लाँग टाइम नो सी," तीनदा म्हणाले. मग ऐकायचं म्हणून फोन झटकन कानाला लावला. बोलायला माइक, ऐकायला टेलिफोन. तीस वर्षं केबिनमध्ये हेच केलेलं.

आधी मला हसू आलं. मग आलेलं हसू तिथंच राहिलं. दोन वर्षं, दर रविवारी, ते लेकरू तिकडं बसून एक मिशी आणि एक कान बघत होतं. आणि यांनी तर तिला पाहिलंच नव्हतं. तोंडाला लावलेल्या फोनवर काय दिसणार?

"प्रशांत काही बोलला नाही का तुम्हाला?"

"म्हनलाता बा एक-दोनदा, लांब धरा म्हून. मले वाटलं, आवाज मोठा येऊन राह्यला असन. म्हून म्या आवाज कमी केला."

सांगावं की नाही, मला कळेना. पण न सांगता राहते कुठं मी? सांगितलं. काकाजींनी चित्र पुन्हा पाहिलं, बराच वेळ.

"म्हंजे तिले मी ठाऊकच नाही," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी अकराला दहा कमी असतानाच मी त्यांच्या ओसरीवर हजर झाले. स्टूल मांडलं, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, तांब्याला फोन टेकवला. समोर खुर्ची. खुर्चीत काकाजी, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. फोनला हात लावायचा नाही, अशी मी तंबी दिली आणि बाजूला भिंतीशी बसले. मागं फळा होता. त्या आठवड्याची सात वाक्यं त्यावर लिहून ठेवलेली, सगळी तोंडपाठ.

फोन वाजला. मी बटण दाबलं. इराचा चेहरा आला, समोरचे दोन दात पडलेले. ती 'हाय आबा' म्हणायला गेली आणि थांबली. स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"आबा," ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला डोळे आहेत."

सातपैकी एकही वाक्य सुटलं नाही. काकाजींची मिशी नुसती हलली.

"हाव बाई," ते म्हणाले. "हायेत."

तिला काय कळलं देव जाणे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला धाकधूक, की आता ही 'गॉट्टा गो' म्हणते. पण ती म्हणाली, "डोन्ट मूव्ह," आणि स्क्रीनवरून गेली. परत आली तेव्हा हातात तेच चित्र होतं आणि पेन्सिलींचा डबा. तिनं चित्र पुढ्यात घेतलं, काकाजींकडे बघितलं, खाली बघितलं, काढायला लागली.

"डोन्ट मूव्ह, आबा."

"नाही हालत," काकाजी ओठ न हलवता म्हणाले.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, नळ आले, नळ आले. आमच्याकडे नळ चार दिवसांनी येतात आणि आले की पाऊण तासात जातात, त्यामुळे त्या हाकेला मेलेला माणूसही उठतो. दरवाजात कोणाची तरी बादली आपटली. मी उठायला गेले. काकाजी हलले नाहीत. एक माशी त्यांच्या नाकावर येऊन बसली, तिथून कपाळावर गेली, पुन्हा नाकावर आली. तरी हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी येऊन मिशीत जात होतं, तेही त्यांनी पुसलं नाही. पोरीनं एकदा वर पाहून विचारलं, डोळ्यांचा रंग कोणता. मीच बाजूनं 'ब्राउन' म्हटलं.

बावीस मिनिटं. मी घड्याळ पाहत होते.

मग आतून तिच्या आईची हाक आली. इरानं चित्र उचलून दाखवलं. मिशीच्या वर दोन डोळे आले होते, एक जरा मोठा झाला होता. "गॉट्टा गो, आबा," ती म्हणाली आणि स्क्रीन काळी झाली.

काकाजी तसेच बसून होते. हात मांडीवर, नजर तांब्याकडे.

"काकाजी, फोन बंद झाला."

"मालूम हाय मॅडम," ते ओठ न हलवता म्हणाले. "पन तिनं हाला म्हनलं नाही ना अजून."

मी उठले. त्यांच्या मोरीतल्या दोन्ही बादल्या घेतल्या आणि नळाखाली नेऊन लावल्या.